‘ॲक्सिडेंट’ म्हणण्याआधी

रस्त्यावर एक गाडी माणसाला धडकते. पोलीस पोहोचायच्या आत, रस्त्यावर मोजपट्टी टेकायच्या आत, चालकाला कुणी एक शब्द विचारायच्या आत बघ्यांच्या तोंडी निवाडा आलेला असतो. ‘ॲक्सिडेंट झाला.’ मी बरीच वर्षं बातम्यांचं संपादन केलं. रात्री उशिरा दोन ओळींचा मजकूर यायचा आणि मी त्यावर ‘अपघात’ असा मथळा चढवून पान सोडायचो. कोण किती वेगात होतं, दिवे चालू होते की बंद, ब्रेक आधीपासून नादुरुस्त होते का, यातलं काहीच मला ठाऊक नसायचं. तरीही घटना कोणत्या जातीची आहे हे मी ठरवून मोकळा होत असे. आज त्या सवयीबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, आणि हा लेख त्यातूनच लिहितो आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. रस्त्यावर, कारखान्यात, खाणीत माणसं मरतात किंवा जायबंदी होतात, तेव्हा काय घडलं याचा तपास होईपर्यंत ‘ॲक्सिडेंट’ हा शब्द बातमीत, पोलिसांच्या नोंदीत आणि सरकारी कागदावर येऊ नये. ‘धडक’, ‘टक्कर’, ‘स्फोट’, ‘पडझड’ असे घडलेली गोष्ट सरळ सांगणारे शब्द आपल्याजवळ आहेत. ‘ॲक्सिडेंट’ घडलेलं सांगत नाही, त्याचं कारण सांगून टाकतो. तेही कुणाच्या लक्षात येऊ न देता.

हे त्याला जमतं कसं, ते कळायला शब्दाच्या मुळाशी जावं लागतं. लॅटिनमध्ये ‘काडेरे’ म्हणजे पडणे. त्याला उपसर्ग लागून झालेल्या क्रियापदाचा अर्थ अंगावर येऊन पडणे, गुदरणे. इंग्रजीतले चान्स, केस, ऑकेजन, कॅज्युअल्टी हे शब्दही याच पडण्यातून निघालेले आहेत. फासे पडतात, पान गळून पडतं, तसा प्रसंग पडतो. आपणही संकट कोसळलं म्हणतोच, वेळ आली म्हणतो. चौदाव्या शतकात फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याला रक्ताचा वासही नव्हता. घडलेली कुठलीही गोष्ट ‘ॲक्सिडेंट’ होती. तत्त्वज्ञांनी तो ॲरिस्टॉटलच्या एका जुन्या भेदासाठी वापरला. घोडा काळा असो की पांढरा, तो घोडाच राहतो. म्हणून रंग हा त्याचा ‘ॲक्सिडेंट’, असला काय नि नसला काय. संगीतात स्वरलिपी लिहिताना मूळ सप्तकाबाहेरचा स्वर दाखवणाऱ्या खुणेला आजही ‘ॲक्सिडेंटल’ म्हणतात. कोण कुठल्या घरात जन्मला याला इंग्रजीत ‘जन्माचा ॲक्सिडेंट’ म्हणण्याची रीत आहे. या सगळ्यांतून एकच सूत वाहतं: हे असं नसतंही, आणि असं असावं म्हणून कुणी काही केलेलं नाही.

गाड्या आणि यंत्रं आली आणि या सुताला दोन पदर सुटले. एक अर्थ असा की कुणी हे मुद्दाम केलं नाही. दुसरा असा की हे कुणालाच टाळता आलं नसतं. पहिला अर्थ माणसाच्या मनाबद्दल आहे, दुसरा जगाच्या चालीबद्दल. पहिला बहुतेक वेळा खरा असतो, कारण गाडी घेऊन कुणाला तरी मारायला निघालेली माणसं फार थोडी. दुसरा बहुतेक वेळा खोटा असतो. पण शब्द एकच असल्यामुळे पहिला मान्य केला की दुसरा गळ्यात येऊन पडतो. ‘त्याने काही मुद्दाम केलं नाही हो’ इथून सुरू झालेलं बोलणं ‘नशीब, दुसरं काय’ इथे जाऊन संपतं, आणि मधली वाट आपण कधी चाललो हे कळतही नाही.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५६ मध्ये सबबींविषयी एक व्याख्यान दिलं. त्यात त्यांनी दोन गाढवांचं उदाहरण घेतलं. तुमचं आणि माझं गाढव एकाच कुरणात चरतं. मला माझं गाढव नकोसं होतं. मी नेम धरतो, गोळी झाडतो, गाढव पडतं. जवळ जाऊन पाहतो तर ते तुमचं. हे झालं ‘बाय मिस्टेक’. आता दुसरा प्रसंग. मी माझ्याच गाढवावर बरोबर नेम धरला, पण गोळी सुटता सुटता जनावरं हलली आणि तुमचं पडलं. हे ‘बाय ॲक्सिडेंट’. पहिल्यात माझं ओळखणं चुकलं, दुसऱ्यात जग मध्ये आलं. इंग्रजी बोलणारा माणूस हा भेद शिकवल्याशिवाय पाळतो, असं ऑस्टिन दाखवतात.

मराठीत मात्र दोन्ही ठिकाणी आपण ‘चुकून’ म्हणू. चुकून तुमचं गाढव मेलं. म्हणून आपल्याकडची मुलं इंग्रजी बोलताना सगळ्याला ‘बाय मिस्टेक’ म्हणतात, तेव्हा मला ते चूक वाटत नाही. ‘चुकून’मध्ये चूक आहे. कुणाची तरी आहे. ‘ॲक्सिडेंट’ या शब्दात ती शोधून सापडत नाही. पण गंभीर प्रसंग आला की आपण ‘चुकून’ बाजूला ठेवतो आणि ‘अपघात’ काढतो, आणि त्याच्या समोर आपल्याकडे उभा असतो एकच शब्द: घातपात. ‘अपघात की घातपात?’ हा मथळा मी स्वतः कितीदा दिला असेल. त्यात गृहीतच असं की या दोनच खोल्या आहेत. घातपात सिद्ध झाला नाही की फाइल अपघाताच्या खोलीत जाते आणि दार लागतं. गुळगुळीत टायर, अंधारा चौक, सोळा तास जागा असलेला चालक, पैसे वाचवण्यासाठी न बसवलेला कठडा यांना राहायला घरच नाही. कुणी मुद्दाम केलेलं नसतं, तरी कुणीतरी केलेलं किंवा करायचं राहून गेलेलं असतं. माणसं मरतात ती बहुतांशी याच बेघर जागेत.

शब्दाने इतका फरक पडतो का, हा रास्त प्रश्न आहे. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या टकरीच्या चित्रफिती दाखवल्या आणि वेग किती होता ते विचारलं. प्रश्नातलं फक्त क्रियापद बदललं. गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता असं ज्यांना विचारलं त्यांनी सरासरी ३२ मैलांच्या आसपास सांगितला. ‘चक्काचूर होऊन आदळल्या’ अशा अर्थाचं क्रियापद वापरलं तेव्हा उत्तर ४० मैलांच्या वर गेलं. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याभराने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? जोरकस क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले. साधं क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी ७. चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. एका क्रियापदाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीची आठवण बदलली. मग ज्या लाखो लोकांनी काहीच पाहिलेलं नाही, ज्यांच्यापर्यंत घटना फक्त मथळ्यातून पोहोचते, त्यांच्या मनात ‘ॲक्सिडेंट’ हा शब्द काय करत असेल?

आकडेही शब्दाच्या विरोधात जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२१ मध्ये जगभरात रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मेली. दिवसाला तीन हजारांच्या वर. ५ ते २९ या वयातल्या माणसांच्या मृत्यूचं हे पहिल्या क्रमांकाचं कारण आहे. खरोखर योगायोगाने घडणाऱ्या गोष्टी एका वयाला, एका प्रहराला, एका वळणाला धरून घडत नाहीत. हार्वर्डचे साथरोगतज्ज्ञ जॉन गॉर्डन यांनी १९४९ मध्येच दाखवलं होतं की दुखापती साथीच्या रोगांप्रमाणे ठरावीक वयात, ठरावीक ऋतूत, ठरावीक ठिकाणी गोळा होतात, आणि रोगाचा अभ्यास होतो तसाच त्यांचाही करता येतो. पटकीची साथ येते तेव्हा आपण विहीर शोधतो. त्याच वळणावर सातवा माणूस मेला की सातव्यांदा ‘ॲक्सिडेंट’ म्हणतो.

ज्यांचं काम जखमांशी आहे त्यांना हा शब्द लवकर खटकला यात नवल नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २००१ च्या जून महिन्यात जाहीर केलं की यापुढे आपल्या पानांत हा शब्द वापरायचा नाही, कारण बहुतेक दुखापती आणि त्यांना कारण होणाऱ्या घटना आधी ओळखता येतात आणि टाळता येतात. ब्रिटनच्या पोलिसांनी रस्त्यावरच्या घटनांच्या नावातला ‘ॲक्सिडेंट’ काढून तिथे ‘कोलिजन’, म्हणजे टक्कर, घातला. २०१६ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने आपल्या लेखनसंहितेत बातमीदारांना सांगितलं की निष्काळजीपणाचा आरोप झाला असेल किंवा तो सिद्ध झाला असेल तर हा शब्द टाळा, कारण त्यातून जबाबदार माणूस सुटल्यासारखं वाचकाला वाटू शकतं. मला हे पाऊल अपुरं वाटतं. आरोप होण्यासाठी आरोप करणारं कुणीतरी लागतं, आणि पादचाऱ्याच्या बाबतीत बोलू शकणारा एकमेव माणूस बहुधा गाडीत बसलेला असतो.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही.

विमान वाहतुकीने हा शब्द टाकलेला नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं १९५१ मध्ये स्वीकारलेलं एक परिशिष्ट, तेरावं, फक्त विमानांच्या ॲक्सिडेंटच्या तपासाबद्दल आहे. आणि विमानप्रवास आज जितका सुरक्षित आहे तितके रस्ते कुठेच नाहीत. मग शब्दाचा दोष कसा? हा आक्षेप पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी अडखळलो होतो. पण परिशिष्ट उघडलं की उत्तर मिळतं. तिथे शब्दाला कुंपण आहे. उड्डाणाच्या इराद्याने पहिला माणूस विमानात चढल्यापासून शेवटचा माणूस उतरेपर्यंतच्या काळात कुणाचा मृत्यू, गंभीर दुखापत, विमानाचं ठरावीक प्रकारचं नुकसान किंवा विमान बेपत्ता होणं, याला ॲक्सिडेंट म्हणायचं. त्यात नशीब नाही, योगायोग नाही, ‘टाळता आलं नसतं’ हे तर नाहीच. आणि हा शब्द उच्चारला की तपास बंधनकारक होतो. तपासाचा हेतूही लिहून ठेवलेला आहे: पुन्हा घडू नये हा, दोष वाटणं हा नव्हे. म्हणजे विमानाच्या जगात ॲक्सिडेंट हा शब्द दार उघडतो. रस्त्यावर तोच शब्द दार लावतो. रस्त्यावरच्या प्रत्येक मृत्यूसाठी तसा तपास कुणी सुरू केला, तर मी माझा आक्षेप त्याच दिवशी मागे घेईन.

अणुऊर्जेच्या क्षेत्रातही कुंपण आहे. घटनांची सात पायऱ्यांची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे. पहिल्या तीन ‘इन्सिडेंट’, चौथीपासून पुढे ‘ॲक्सिडेंट’. १९८६ चं चेर्नोबिल आणि २०११ चं फुकुशिमा सातव्या पायरीवर. फुकुशिमाच्या मागे भूकंप होता, त्सुनामी होती. आभाळ कोसळणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? तरी जपानच्या संसदेने नेमलेल्या स्वतंत्र चौकशी आयोगाने २०१२ मध्ये लिहिलं की ही मानवनिर्मित आपत्ती होती, ती आधी ओळखता आली असती आणि रोखता आली असती. समुद्र कुणाच्या हातात नव्हता, पण भिंत किती उंच बांधायची हे माणसांच्याच हातात होतं. चॅलेंजर हे अवकाशयान २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं. आदल्या रात्री त्याच्या बूस्टरच्या कंपनीतले अभियंते थंडीत रबरी कडी निकामी होईल म्हणून उड्डाण थांबवा असं सांगत होते. नंतरच्या अध्यक्षीय आयोगाच्या नावात ‘ॲक्सिडेंट’ हा शब्द आहे. आदल्या रात्री ज्याची सूचना दिली गेली त्याला हा शब्द लावताना माझा हात थबकतो.

दुसरा आक्षेप मला जास्त जड जातो, कारण तो गरिबांच्या बाजूचा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये कारखान्यात हात गमावलेल्या कामगाराला भरपाई हवी असेल तर मालकाचा दोष सिद्ध करावा लागे. सोबत्याच्या चुकीने इजा झाली तर मालक सुटे. स्वतःची थोडी चूक निघाली तरी मालक सुटे. १८९७ च्या कायद्याने हे चित्र उलटवलं. ठरलेल्या उद्योगांत काम करताना ‘ॲक्सिडेंट’मुळे इजा झाली, एवढं पुरे, दोष कुणाचा हे विचारायचं नाही, भरपाई द्यायची. पुढे एका खटल्यात यंत्राचं अडकलेलं चाक जोर लावून फिरवताना एका कामगाराच्या पोटात अंतर्गळ झाली. बाहेरून काहीच घडलं नाही, तेव्हा हा ॲक्सिडेंट कसला, असा युक्तिवाद झाला. १९०३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, तो फेटाळला आणि म्हटलं की सामान्य माणूस बोलताना ज्या अर्थाने हा शब्द वापरतो, म्हणजे न अपेक्षिलेली, न योजलेली आपत्ती, तोच अर्थ धरायचा. या शब्दाच्या आधाराने असंख्य घरांत चूल पेटली असेल. तो काढून टाका असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

मी तसं म्हणतही नाही. त्या कायद्यात शब्द दोष बाजूला ठेवतो आणि त्या बदल्यात कामगाराच्या हाती पैसे देतो. बातमीत तो दोष बाजूला ठेवतो आणि बदल्यात काहीच देत नाही. भरपाईच्या अर्जावर ‘ॲक्सिडेंट’ जरूर असावा. पण त्याच यंत्राला जाळी का नव्हती, हे लिहिणाऱ्या कारखाना निरीक्षकाच्या अहवालात तो असू नये.

मग चालकाला थेट गुन्हेगार म्हणायचं का? अजिबात नाही, आणि माझ्या बाजूची काही माणसं तिकडे धावतात तेव्हा मला त्यांच्याबरोबर जायचं नसतं. ‘अपघात नव्हे, खून’ ही घोषणा घातपाताच्याच खोलीचं दार ठोठावते. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये रस्त्यांवरचे मृत्यू शून्यावर आणण्याचं धोरण स्वीकारलं, त्याचा पायाच असा की माणसं चुकणार. चालक चुकेल, पादचारी चुकेल. रस्ता असा बांधायचा की चुकीची शिक्षा मरण नसेल. त्यासाठी समोरासमोरच्या वाहतुकीत मधे कठडे घालायचे, चौकांच्या जागी वर्तुळाकार वळणं करायची, आणि पायी माणसं असतील तिथे वेग उतरवायचा. ज्यांनी चूक गृहीत धरली त्यांनी ती शोधायची थांबवली नाही. ती चालकाच्या पायापासून रस्त्याच्या नकाशापर्यंत नेली. ‘ॲक्सिडेंट’ म्हणून हात झटकणाऱ्याला ना चालक दिसतो ना नकाशा.

बातमी लिहिणाऱ्यांकडे माझं मागणं लहान आहे. वाक्यात कर्ता ठेवा. ‘भरधाव ट्रकने चिरडले’ या वाक्यात ट्रक आपणहून धावतो. ‘कारचे नियंत्रण सुटले’ यात तर नियंत्रणच पळून जातं. ‘ट्रकचालकाने धडक दिली’ लिहिलं म्हणजे त्याच्यावर आरोप होत नाही, घडलं ते सांगितलं जातं. जोडीला एक ओळ द्या: तिथली वेगमर्यादा किती, दिवे होते का, याआधी तिथे कितीजण गेले. अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात वाचकांना एकाच घटनेच्या वेगवेगळ्या रीतीने लिहिलेल्या बातम्या दिल्या होत्या. चालकाला कर्ता केलं तेव्हा मेलेल्या पादचाऱ्यावर दोष टाकण्याचं प्रमाण घटलं. आणि त्या रस्त्याचा आधीचा इतिहास जोडला तेव्हा रस्ता सुधारण्याची मागणी वाढली.

आणि ज्याच्या गाडीखाली मूल आलं, वेगात नसताना, शुद्धीत असताना, डोळे रस्त्यावर असताना, त्याचं काय? तो रात्री झोपू शकत नाही. त्याला ‘तो ॲक्सिडेंट होता’ असं म्हणणारं माणूस हवं असतं आणि ते शेजारी बसून म्हणणाऱ्याला मी कधीही अडवणार नाही. तरी मराठीत अशा माणसाच्या तोंडी आपसूक येणारं वाक्य वेगळं आहे. तो म्हणतो, ‘माझ्या हातून झालं.’ केलं म्हणत नाही, कारण त्याने ते केलेलं नाही. नुसतं झालंही म्हणत नाही, कारण हात त्याचा होता. त्या ‘हातून’मध्ये इरादा नाही आणि नशीबही नाही. घातपात आणि अपघात यांच्या मधल्या, आपण बेघर ठेवलेल्या जागेला आपल्या भाषेने फार आधी दार करून ठेवलेलं आहे.

१७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही ४४ वर्षांची बाई एका मोटारीखाली सापडली. लोकांना फेरी मारून दाखवण्यासाठी ती मोटार आणलेली होती. मोटारीच्या धडकेने पादचारी मरण्याची ब्रिटनमधली ही पहिली नोंद. मृत्यूच्या चौकशीसाठी बसलेल्या पंचांनी निकाल दिला: ‘ॲक्सिडेंटल डेथ’. असं पुन्हा कधी घडू नये, अशी आशा चौकशी अधिकाऱ्याने बोलून दाखवली.